बिटाचा साबण गुलाबी का होत नाही?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घरी केलेले साबण वाण म्हणून देते. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत आता ते सगळ्यांच्या सवयीचं झालंय, आणि त्यानंतरचा प्रश्नही. साबण उलटासुलटा करून बघत कुणीतरी विचारतंच, "वहिनी, रंग नैसर्गिक घालता ना? मग बिटाचा मस्त गुलाबी का नाही करत?" तेव्हा हातात हळदकुंकवाचं ताट असतं, दारात चपलांचा ढीग असतो, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेते. आज निवांत आहे आणि तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

केलाय मी बिटाचा साबण. पहिल्याच वर्षी, भाचीच्या वाढदिवसासाठी, पाण्याऐवजी बिटाचा रस घेऊन. त्यात कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा तो जहाल क्षार, पडला मात्र, तो सुंदर रंग आधी पिवळट झाला, मग तपकिरी, आणि घरभर असा काही वास सुटला की नवऱ्याने ऑफिसमधून आल्या आल्या गॅस बघितला. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघाल्या चिक्कीच्या रंगाच्या वड्या. भाचीला शेवटी पुस्तक दिलं.

खरं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं आणि त्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, हे आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नाही? मुका मार लागल्यावरचा हळद-चुन्याचा लेप लाल होतो, तोही याच कारणाने. साबण चुन्यासारखाच क्षारधर्मी असतो, आणि क्षारात हळद लाल होते. नीट मुरलेल्या घरगुती साबणाचा पीएचसुद्धा (हे क्षाराचं माप, 7 च्या वर म्हणजे क्षार) 9 ते 10 च्या घरात असतो, आणि मिश्रण ताजं असताना तर सोडा आणखी जहाल. बीट, जास्वंद, गोकर्ण यांचे रंग तिथे टिकत नाहीत. जास्वंदीचा साबण हिरवट-राखाडी होतो, आणि गोकर्णाचा तो निळा चहा बघून हुरळलात तर हाती मळकट खाकी वडी येते. "मग लिंबू पिळलं तर?" हा पुढचा प्रश्न. लिंबाची आंबटाई सोडाच खाऊन टाकतो. रंग परत येत नाही, उलट सोड्याचं माप चुकतं.

म्हणून ताटात कसा दिसतो यावर रंग निवडायचा नाही, क्षारात त्याचं काय होतं ते आधी बघायचं. हळद चालते, पण पिवळ्याची आशा सोडा. अर्धा किलो तेलाला पाव चमचा घातली की केशरी-विटकरी छटा येते, जास्त घातली तर टॉवेल रंगतो. गुलाबीच हवा असेल तर मंजिष्ठा. शेंदरीच्या बिया कोमट खोबरेल तेलात ठेवल्या की छान नारिंगी रंग उतरतो. नीळ टिकते, पण ती पानांतून काढलेली रंगाची नीळ हवी. केसांना लावायची पानांची भुकटी वेगळी, तिने हिरवट रंग येतो. कपड्यांच्या निळीला हातही लावू नका. कोळसा, मुलतानी माती, कोको यांना सोड्याचं काही वाटत नाही, म्हणून नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

माझी सगळ्यात लाडकी रतनजोत. काष्ठौषधींच्या दुकानात तिची वाळकी मुळं मिळतात, रोगनजोशला रंग येतो तो हिचाच. तेलात पाचसहा आठवडे मुरवली की तेल गर्द लाल होतं. तेच तेल साबणात घातलं की जांभळं, सोडा जरा जास्त असेल तर निळसर. आणि तेच तेल मेण घालून ओठांच्या बाममध्ये वापरलं तर लालच राहतं, कारण तिथे ना पाणी ना क्षार. आमच्या सासूबाई म्हणायच्या, सुनेचा स्वभाव सासर बघून कळतो. रतनजोतीच्या बाबतीत मला हे पटतं, बाकी नाही.

बाममध्ये बिटाची पूड घालू नका, ती तेलात विरघळत नाही, ओठांना वाळूसारखी लागते. क्रीमला तर मी रंगच देत नाही. त्यात पाणी असतं, वर फुलापानांचा काढा घातला की मुंबईच्या दमट हवेत बुरशीला आमंत्रणच.

आता थोडं कडू. "नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक" हे मला मान्य नाही. सुट्या हळदीत चकाकीसाठी लेड क्रोमेटची, म्हणजे शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची, भेसळ होते, म्हणून मी हळकुंडं आणून दळते. पूजेच्या दुकानातला गेरू आणि शेंदूर साबणात अजिबात नको. मातीतून निघालेल्या गेरूत शिसं, आर्सेनिक किती, ते डोळ्यांना दिसत नाही. गेरूला रंग येतो तो आयर्न ऑक्साइडचा, पण सौंदर्यप्रसाधनांसाठीचं आयर्न ऑक्साइड कारखान्यात तयार करतात ते याच धातूंवर ताबा राहावा म्हणून. विटकरी रंग हवा असेल तर मी तेच वापरते आणि विचारलं तर तसं सांगते. यावर दोन मैत्रिणी नाराज आहेत. असोत.

एक सवय मात्र तुम्हीही लावून घ्या. प्रत्येक घाण्यातली एक चकती मी खिडकीत ठेवते, अर्धी काळ्या कागदात गुंडाळून. हळदीचा डाग उन्हात उडतो तसा साबणातला रंगही उडतो. मागच्या दिवाळीची हळदीची चकती अजून तिथेच आहे, कागदाखाली केशरी आणि बाहेर जवळजवळ सायीच्या रंगाची. शेजारच्या काकूंना वाटतं, ती मी मुद्दाम दोन रंगांत केली. तशीच एक त्यांना हवी आहे.