टेबल एक, ट्रे दोन : सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये

सिंगापूरच्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या अनेक खाण्याच्या स्टॉलच्या जागेत, शिरलो की मी आधी उष्टे ट्रे ठेवायचा रॅक शोधतो. तिथे दोन रॅक असतात, नाहीतर एकाच रॅकच्या दोन बाजू. एकीवर हलाल, दुसरीवर नॉन-हलाल अशी ठळक पाटी. बऱ्याच ठिकाणी ट्रेचे रंगही वेगळे असतात. मात्र रंगांचा हिशोब प्रत्येक सेंटरचा आपापला, म्हणून रंगावर न जाता पाटी वाचावी. या शहरात इतक्या धर्मांची माणसं रोज एकत्र कशी जेवतात, याचं अर्धं उत्तर त्या रॅकवर आहे.

2020च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या रहिवाशांमध्ये बौद्ध 31.1 टक्के, ख्रिस्ती 18.9, मुस्लिम 15.6, ताओ 8.8 आणि हिंदू 5 टक्के होते. कुठलाच धर्म न मानणारे 20 टक्के. ही सगळी मंडळी दुपारी एकाच छपराखाली येतात. कडेने स्टॉल, मधे टेबलं, आणि टेबल कुणाच्याच मालकीचं नाही. डुकराच्या मांसाचे नूडल्स खाणारा आणि शेजारी हलाल नासी पादांग, म्हणजे भात आणि त्याबरोबरचे रस्से-भाज्या, खाणारी त्याची ऑफिसातली सहकारी, हे दृश्य इथे इतकं नेहमीचं आहे की कुणी वळूनही बघत नाही. दोघांचं टेबल एक, पण भांडी, चमचे आणि ट्रे आपापल्या स्टॉलचे.

मराठी माणसाला ‘वेगळी भांडी’ हे शब्द टोचतात, आणि टोचायलाच हवेत. कोपऱ्यात वेगळी ठेवलेली कपबशी आपल्याकडे कशासाठी असायची ते आपल्याला ठाऊक आहे. इथला फरक म्हणूनच नीट समजून घ्यावा. हलालची ताटली मुस्लिमांपुरती नसते. हलाल स्टॉलवर जेवणाऱ्या चिनी, तमिळ, मराठी कुणालाही तीच मिळते. वेगळा ठेवला जातो पदार्थ, माणूस नाही. टेबल सगळ्यांचं राहतं ते त्यामुळेच.

आता चुकतं कुठे ते सांगतो. चौघं मिळून जेवतात, ताटल्या मधे सरकवतात आणि उठताना सगळं एकाच ट्रेवर रचतात. हलाल ट्रेवर डुकराच्या रश्शाचा एक वाडगा आला की तो ट्रे आणि त्यावरची भांडी धुणाऱ्यासाठी डोकेदुखी होते, कारण दोन्हीकडची भांडी धुण्याची सोयही वेगळी ठेवलेली असते. उपाय साधा आहे: ज्याने जे घेतलं त्याने ते आपल्याच ट्रेवर ठेवायचं आणि आपणच नेऊन द्यायचं. दुसऱ्या स्टॉलवरचे चमचे-काटे उचलायचे नाहीत. हॉकर सेंटरमध्ये ट्रे परत ठेवणं 1 सप्टेंबर 2021पासून सक्तीचं आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा 300 सिंगापुरी डॉलर दंड. मूळ हेतू स्वच्छतेचा, पण आपला ट्रे कुठल्या बाजूला जातो हे त्यामुळे प्रत्येकालाच बघावं लागतं.

स्टॉल हलाल आहे हे ठरवतं कोण? मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा, म्हणजे ‘मुइस’. 1968मध्ये स्थापन झालेली ही वैधानिक संस्था 1978पासून हलाल प्रमाणपत्रं देते. प्रमाणपत्र घेणं ऐच्छिक आहे, पण हलालची खूण परवानगीशिवाय लावली तर 10,000 डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रमाणपत्र ब्रँडला नसून जागेला मिळतं. एकाच साखळीतलं एक दुकान प्रमाणित असलं म्हणून दुसरं असेलच असं नाही. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर पत्ता आणि मुदत बघावी, किंवा मुइसच्या संकेतस्थळावर ते विशिष्ट दुकान शोधावं.

दोन पाट्यांनी लोक हमखास फसतात. पहिली, ‘नो पोर्क, नो लार्ड’. डुक्कर नाही आणि त्याची चरबी नाही, एवढंच ती सांगते. कोंबडी कशी कापली, स्वयंपाकात दारू आहे का, यावर ती गप्प असते. दुसरी, ‘मुस्लिम-ओन्ड’. मालक मुस्लिम आहे, इतकाच तिचा अर्थ. असे कितीतरी जुने हॉकर प्रमाणपत्राशिवाय पिढ्यानपिढ्या विश्वासावर चालतात आणि गिऱ्हाईकही त्यांच्याकडे निर्धास्त जातं, पण ती तपासणी नव्हे. तपासणी करणारा मांसापाशी थांबत नाही. चिनी स्वयंपाकातली शाओशिंग दारू, जपानी स्वयंपाकातली मिरिन ही गोड दारू, जेलीतलं जिलेटिन, केकमधला अल्कोहोलचा व्हॅनिला अर्क, आधीच्या घाण्यातलं तळणीचं तेल, असं सगळं बघितलं जातं. प्रमाणपत्र हवं तर स्वयंपाकघरात हलालची जबाबदारी घेणारी टीम आणि मुस्लिम कर्मचारी लागतात, आणि माल कुठून आला त्याची कागदपत्रंही.

जिथे आधी डुक्कर शिजत होतं ती जागा हलाल करायची असेल तर नुसता साबण पुरत नाही. सिंगापूरचे बहुतेक मुस्लिम इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफी परंपरेचे. त्यात सात धुण्या सांगितल्या आहेत, त्यांतली एक मातीच्या पाण्याची. याला ‘सर्तू’ म्हणतात. स्वच्छ माती पाण्यात गढूळ होईपर्यंत कालवायची, ते पाणी भांड्याच्या किंवा ओट्याच्या सगळ्या पृष्ठभागावरून फिरवायचं, मग उरलेल्या सहा वेळा स्वच्छ पाणी. पण आधी चिकटलेली चरबी खरवडून काढावी लागते. ती राहिली तर पाणी खालपर्यंत पोचतच नाही आणि सगळे श्रम वाया जातात. फटी पडलेले लाकडी पाट आणि काठाला चिरलेली प्लास्टिकची भांडी बदलून टाकलेली बरी.

शाकाहारी मराठी मंडळींसाठी थोडं वेगळं. मलय जेवणातली भाजीसुद्धा बिनधास्त घेऊ नका. सांबाल या मिरचीच्या चटणीत बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, आणि नारळाच्या रसातल्या भाजीत सुकी कोळंबी पडलेली असू शकते. प्राता, म्हणजे इथला परोटा, त्यासोबतची आमटी माशाची किंवा मटणाची असते; डाळ हवी तर तसं सांगावं लागतं. त्यापेक्षा चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉल बरे. पक्के बौद्ध शाकाहारी कांदा-लसूण खात नाहीत, त्यामुळे जैन प्रवाशांची तिथे चांगली सोय होते. मात्र नकली मांसात कधी अंडं असतं, आणि कंदमुळं तर चालतातच, म्हणून विचारून घ्यावं. गोमांस न खाणारे इथे हिंदूच नव्हेत. ग्वान-यिन या करुणेच्या बौद्ध देवीचे अनेक चिनी भक्तही ते वर्ज्य मानतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

जेवण झालं की तेलोक आयर रस्त्यावर जावं. 1830च्या सुमाराचा नागोर दर्गा, 1842मध्ये पुरं झालेलं थियान हॉक केंग मंदिर आणि तमिळ मुस्लिमांनी उभारलेली अल-अब्रार मशीद, सगळं चालत काही मिनिटांत. वॉटरलू रस्त्यावर ग्वान-यिनच्या मंदिराला लागूनच श्रीकृष्णन मंदिर आहे. ग्वान-यिनला नमस्कार करून निघालेले चिनी भक्त कृष्णाच्या दारातही उदबत्त्या लावतात. काम्पोंग ग्लाम या जुन्या मलय वस्तीतल्या सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटाखाली एक काळा पट्टा दिसतो. जवळ जाऊन मान वर करा, तो बाटल्यांच्या बुडांचा आहे. मशीद नव्याने बांधताना गरीब मुस्लिमांनाही हातभार लावता यावा म्हणून त्यांच्याकडून काचेच्या बाटल्या घेतल्या गेल्या. नमाजाच्या वेळा सोडून आत जाता येतं, अंग झाकायला झगे तिथेच मिळतात.

या सगळ्याची किंमतही इथल्या समाजांनी मोजली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे वर्णन खोटं ठरेल. सत्तरच्या दशकात मशिदींचे भोंगे आतल्या बाजूला वळवले गेले आणि अजान रेडिओवर आली. 1968मध्ये सुट्ट्या कमी झाल्या तेव्हा दिवाळी राहिली. थैपुसम हा तमिळ हिंदूंचा सण आणि पैगंबर जयंती यांच्या सुट्ट्या गेल्या. थैपुसमच्या मिरवणुकीतली वाद्यं 1973मध्ये बंद झाली. 2016मध्ये वाटेवरच्या ठरावीक जागी परवानगी मिळाली. सार्वजनिक रुग्णालयांतल्या मुस्लिम परिचारिकांना गणवेशासोबत डोक्यावर तुडुंग, म्हणजे केस झाकणारा रुमाल, घ्यायची मुभा 1 नोव्हेंबर 2021पासूनची, इतकी अलीकडची. माझ्या मते ती फार उशिरा मिळाली. जेवणाच्या बाबतीत दाखवलेली समज पोशाखाच्या बाबतीत दाखवायला इतकी वर्षं लागायला नको होती.

घरांच्या बाबतीत मात्र जुनी सोय टिकून आहे. सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. टाउन कौन्सिलची परवानगी काढली की तिथे मलय लग्नाचा मांडव पडतो आणि चिनी माणसाचं शव अंत्यदर्शनासाठी ठेवलं जातं, तेही एकाच जागेत, वेगवेगळ्या दिवशी. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात पितरांसाठी कागद जाळायला लोखंडी पिंपं ठेवलेली असतात. राख गवतावर उडू नये म्हणून ती वापरायची. धुरावरून शेजाऱ्यांची कुरबूर होते ती बहुधा पिंपाबाहेर जाळल्यावर.

विमानाचं जेवण निघण्याआधी किमान 24 तास नोंदवा. मुस्लिम जेवणाचा कोड एमओएमएल, शाकाहारी जैन जेवणाचा व्हीजेएमएल. एचएनएमएल हे ‘हिंदू’ जेवण शाकाहारी नसतं. त्यात गोमांस नसतं, पण कोंबडी किंवा मटण येऊ शकतं. आपल्याकडचे लोक नावावर विसंबून नेमकं तेच निवडतात.

रमजानमध्ये जाणार असाल तर संध्याकाळी गेलांग सराई हा मलय वस्तीचा भाग गाठा. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे इथे सूर्यास्त वर्षभर सातच्या आसपासच होतो, त्यामुळे रोजा सुटायची वेळ फारशी हलत नाही. त्याआधीच्या तासाभरात हलाल स्टॉलवरची टेबलं भरतात. ताटं समोर मांडून लोक अजानची वाट बघत बसलेले असतात. तुमचा रोजा नसेल तर त्या वेळी तिथली जागा अडवू नका, अर्ध्या तासाने या. दुपारनंतर अनेक मशिदी मसालेदार तांदळाची पेज, बुबुर, वाटतात. ती घ्यायला मुस्लिम असावं लागत नाही, पण त्यात मांस असतं, म्हणून शाकाहारी असाल तर आधी विचारा.