नागपूरच्या विमानातला धूर

अहमदाबादच्या अपघाताला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. 12 जून 2025. विमानातली 241 आणि खालची 19, अशी 260 माणसं गेली. कर्मचाऱ्यांत डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची मुलंमुली होती. मी कळव्याला राहतो, विमानांच्या देखभालीचं काम करतो. लोकलमध्ये गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या आत टाकायची सवय मला त्याच दिवसांत लागली. दिसलं की कुणीतरी विचारायचंच, ‘काय हो, तुम्ही लोक नीट तपासत नाही का?’ वाहिन्यांवर तर देखभालवाले दोषी ठरून मोकळे झाले होते. (महिन्याभराने प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदभराच्या अंतराने बंद स्थितीत गेले, एवढं त्यात आहे. का गेले, ते नाही.)

सांगतोय त्या रात्री मी लाइन मेंटेनन्सला होतो, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधे विमान तपासायच्या कामाला. एअरबसचं ए320 विमान, मुंबईहून पहाटेचं पहिलं नागपूर. साडेतीनला पावसात टॉर्च घेऊन चाकांपाशी बसलो होतो. मागची मुख्य चाकं चार, प्रत्येकाला स्वतःचा ब्रेक. ब्रेक किती झिजलाय ते कळायला त्यावर खिळ्याएवढी पिन असते. पार्किंग ब्रेक लावायचा, हायड्रॉलिक प्रेशर, म्हणजे ब्रेक दाबणाऱ्या तेलाचा दाब, आहे ना बघायचं आणि मग पिन किती बाहेर राहिलीये ते पाहायचं. तीन नंबरची पिन आत गेली होती. नख फिरवून बघितलं, कुठे अडकेना. म्हणजे ब्रेक संपला.

‘साहेब, थोडी आहे अजून,’ टेक्निशियन म्हणाला. ती नाहीये हे त्याच्या आवाजातच कळत होतं.

कंट्रोलला, म्हणजे देखभालीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या कक्षाला, फोन केला. तिकडून एकच प्रश्न, ‘किती वेळ?’ दोन तास म्हटलं. मग शांतता. दिवसाचं पहिलं विमान लटकलं की त्याच्यामागची रात्रीपर्यंतची सगळी उड्डाणं लटकतात, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. कुणी ‘सोड’ म्हणत नाही. म्हणणारही नाही. पण ती फोनवरची शांतता काय असते, ते या कामातल्या माणसाला विचारा.

ह्यूमन फॅक्टर्सच्या, म्हणजे माणसाच्या हातून चुका का होतात ते शिकवणाऱ्या, वर्गात 1990 सालची एक गोष्ट हमखास सांगतात. बर्मिंगहॅमला रात्रपाळीत एका विमानाच्या कॉकपिटची काच बदलली. 90 पैकी 84 बोल्ट हवे त्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्तच बारीक बसले. पुढच्याच उड्डाणात 17 हजार फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून जगला. बोल्ट बसवणारा कामचुकार नव्हता. चांगला अनुभवी माणूस होता. जुना बोल्ट हातात धरून त्याने नवे नजरेनेच जुळवले होते, बस. साडेतीनला टॉर्चच्या उजेडात काहीही बघताना मला हा माणूस आठवतो.

एक्सलखाली जॅक लावला, चाक काढलं, ब्रेक बदलला, ब्रेकच्या नळीतली हवा काढली, गळती तपासली. सव्वासहाला टेक लॉगवर, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, सही केली. गेटवर तोपर्यंत ‘तांत्रिक कारणास्तव विलंब’ पुकारून झालं होतं. हे तीन शब्द मला अजिबात आवडत नाहीत. झिजलेला ब्रेक बदलतोय, असं सरळ सांगितलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? न सांगितलेल्या जागी माणूस वाईटातलं वाईट भरतो, आणि त्या पंधरवड्यात तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं.

लोक चढले. मी खाली कागद आवरत होतो, तेवढ्यात वरून हाक आली, ‘लवकर या, केबिनमध्ये धूर आहे म्हणतायत.’

बघतो तर डोक्यावरच्या फटींमधून पांढरे लोट. दारं उघडी, बाहेर जूनची दमट हवा, आतून एसीचा गार झोत. मुंबईत पावसाळ्यात हे रोजचंच, फ्रीजरचं दार उघडल्यासारखं. पण अर्धी केबिन उभी होती आणि दहाबारा मोबाइल वर. एक गृहस्थ ओरडत होते, ‘आधी तांत्रिक बिघाड, आता धूर!’ मी हात वर करून फटीशी धरला. गार, ओला, वास कसलाच नाही. ‘पाण्याची वाफ आहे’ म्हटलं तर हशा. त्यांच्या दृष्टीने मी म्हणजे बिघाड लपवायला पाठवलेला माणूस.

बाराव्या रांगेत एक आजी होत्या, नऊवारीतल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि शेजारच्या मुलाला म्हणाल्या, ‘अरे, धुराने चष्मा ओला होतो होय रे? डोळे चुरचुरले असते ना. चूल बघितलीयेस का कधी?’

आमच्या मॅन्युअलमध्ये इतकं सोपं लिहिलेलं नाही. कॅप्टनला केबिनचं तापमान थोडं वाढवायला सांगितलं, आणि काही मिनिटांत सगळं विरलं. तरीही चौघे उतरले. उतरणाऱ्याची बॅग विमानात ठेवता येत नाही, म्हणून विमानाच्या पोटातल्या सामानाच्या होल्डमधून त्यांच्या बॅगा शोधून काढण्यात आणखी चाळीस मिनिटं गेली. आजी नागपूरला गेल्या.

घरी पोहोचून अंघोळ करतोय तोवर बातमी आलीच. ‘विमानात धूर, प्रवाशांचा जीव टांगणीला.’ एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ, पुन्हा पुन्हा. तीन नंबरचा ब्रेक अर्थातच कशात नाही, त्याचा फोटो कोण काढणार? आजींचा चष्माही नाही. हिरवट जाकिटातला एक हात वर फटीकडे जातो, तिथेच क्लिप संपते.

दुपारी चिपळूणहून आईचा फोन. आम्हाला माध्यमांशी बोलायची परवानगी नसते, घरीही मी फारसं सांगत नाही.

‘तो हात तुझा ना?’

‘कशावरून?’

‘अंगठ्यावर कोयत्याची खूण दिसली की. लहानपणी नारळ सोलताना लागलं होतं ती.’

मग जरा थांबून म्हणाली, ‘खरंच धूर होता, तर त्यात हात कशाला घातलास मेल्या?’