नकाशातून गळलेला पऱ्या

दक्षिण कोकणातील खाडीलगतच्या ज्या लहान शहरात मी राहते, तेथे आमची वाडी हद्दवाढीनंतर नगर परिषदेत आली. त्याआधी ती ग्रामपंचायतीत होती, आणि आजही येथील बहुतेक जमिनींचे सात-बारा उतारेच निघतात. वाडीच्या मधून एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, वाहतो. मार्गशीर्षानंतर त्यात पाणी नसते, मुले त्यात क्रिकेट खेळतात, आणि परगावाहून आलेल्या माणसाला तो केवळ एक खोलगट पडीक पट्टा वाटतो. पावसाळ्यात मात्र डोंगरउताराचे सगळे पाणी तोच खाली खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत, आणि तेथून खाडीत नेतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी उलटे चढते, आणि नेमक्या त्याच वेळी वर मुसळधार कोसळत असेल तर पऱ्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. मग पाणी आजूबाजूच्या आगरांत, खळ्यांत आणि सखल घरांच्या पडव्यांत शिरते. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर अशा पऱ्याचे मोल काय, हे येथे राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आमचा रहिवासी संघ नोंदणीकृत आहे आणि मी त्याची सचिव आहे. एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून मी बरीच वर्षे काम केले, त्यामुळे कागद जपून ठेवण्याची सवय मला होती. तोवर संघाची कामे म्हणजे पथदिवे, नळाला येणारे अवेळी पाणी, घंटागाडीची वेळ आणि पावसाळ्यापूर्वीची गटारसफाई. शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे कोठे रस्ते आणि कोठे वस्ती हे ठरविणारा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाल्याची सूचना वर्तमानपत्रात आली तेव्हा शेजारच्या काकांनी ते पान घडी घालून माझ्याकडे आणून दिले आणि म्हणाले, "वहिनी, यात आपली वाडी आहे का ते बघून या." सूचना प्रसिद्ध होऊन तोपर्यंत सहा दिवस उलटले होते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप योजनेवर हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. योजना लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते आणि तिच्या प्रतीही विकत मिळतात. मी दुसऱ्याच दिवशी नगर परिषदेत जाऊन भिंतीवर लावलेला मोठा नकाशा पाहिला. आमचा तिठा सापडला, सार्वजनिक विहीर सापडली, देवळाचे आवार सापडले. पऱ्या मात्र दिसेना. चष्मा पुसून मी पुन्हा बोटाने रेषा धरून गेले. जेथे पऱ्या असायला हवा होता तेथे तिठ्यापासून मुख्य रस्त्यापर्यंत १२ मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता आखलेला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निवासी विभागाचा पिवळा रंग भरलेला होता. खाली खाजणाच्या कडेला पऱ्याचे तोंड तेवढे निळ्या रंगात उरले होते.

त्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले तेव्हा आमच्या वाडीतील कितीतरी जणांचे नातेवाईक माळ्यावर आणि गच्चीवर अडकून पडले होते. ती आठवण ताजी असल्याने लोक संतापले होते, आणि मोर्चा काढावा, निवेदन द्यावे, वर्तमानपत्राला बोलवावे अशी बोलणी सुरू झाली. मला त्या संतापाचे मोल कळत होते, पण मुदतीतले २३ दिवस उरले होते आणि हरकत लेखी असावी लागते, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कोणीतरी माहितीच्या अधिकारात सद्य जमीन वापर नकाशा मागवू या, असे सुचविले. सूचना योग्य होती, पण त्या अर्जाला उत्तर देण्यासाठीही कार्यालयाला ३० दिवस मिळतात, म्हणजे उत्तर हाती येईपर्यंत आमची मुदत संपलेली असती. म्हणून आम्ही योजनेची प्रत विकत घेतली, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रमाणित प्रत मागविली, आणि सात-बारा उतारे संकेतस्थळावरून प्रत्येकी १५ रुपये भरून काढले.

उताऱ्यांनीच आम्हाला खरा आधार दिला. पऱ्या ज्या जमिनींतून जातो त्यांच्या सात-बारावर पोटखराब 'ब' म्हणून काही गुंठे क्षेत्र वेगळे दाखविलेले आहे. लागवडीस अयोग्य असलेल्या जमिनीचे दोन वर्ग असतात. त्यातला 'ब' वर्ग हा रस्ता, वहिवाटीची पायवाट, तलाव, ओढा अशा सार्वजनिक उपयोगाखालच्या क्षेत्राचा. पतसंस्थेत कर्जप्रकरणांसाठी शेकडो सात-बारा माझ्या हाताखालून गेले, पण त्या रकान्यापाशी मी कधी थांबले नव्हते. आता सहा हिश्श्यांचे उतारे एकापुढे एक मांडले तेव्हा त्या लहान लहान आकड्यांतून वरपासून खालपर्यंत पऱ्याची वाट तयार झाली. महसुली दप्तर त्याला ओळखत होते. नव्या नकाशाने तेवढे त्याला वगळले होते.

गाव नकाशा आणि विकास योजनेचा नकाशा यांचे प्रमाण वेगवेगळे असल्याने एकावर दुसरा ठेवून काही कळत नव्हते. झेरॉक्सच्या दुकानात बसून आम्ही गाव नकाशाचा आमच्यापुरता भाग थोडा थोडा मोठा करीत गेलो, आणि तिठा, विहीर व देवळाचे आवार ही तीनही ठिकाणे जुळली तेव्हा ट्रेसिंग पेपरवर लाल पेन्सिलीने पऱ्या उतरवून घेतला. तो कागद योजनेच्या प्रतीवर ठेवला की लाल रेघ प्रस्तावित रस्त्याच्या आतच जवळजवळ २०० मीटर चालत होती. दुकानदार मुलगा आपले काम थांबवून पाहत राहिला. त्याचे आजोळ आमच्याच वाडीत, हे मला तेव्हा कळले. त्याने त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत.

आणखी एक पुरावा आम्हाला वाडीतच मिळाला. पऱ्याच्या अगदी काठी राहणाऱ्या एका काकूंच्या पडवीत सागाचा जुना खांब आहे. ज्या ज्या वर्षी पाणी पडवीत शिरले, त्या त्या वर्षी त्यांनी, आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी, खांबावर गेरूची आडवी रेघ ओढली आहे. मी तेथे लहानपणापासून चहा पीत आले, पण त्या रेघा नीट पाहिल्या त्या प्रथमच. सगळ्यांत वरची २००५ची, जमिनीपासून २ फूट ४ इंच; तिच्याखाली चार बोटांवर २०२१ची. बाकीच्या पुसट झालेल्या. काकू म्हणाल्या, "ही खालची माझ्या लग्नाच्या वर्षीची गो, तेव्हा पाटावरचे तांदूळ वाहून गेले होते." जलसंपदा विभाग निळी आणि लाल पूररेषा आखतो ती नदीसाठी, आमच्या पऱ्यासाठी तशी रेषा कोणीही आखलेली नव्हती. आम्ही खांबाला मापपट्टी लावून छायाचित्रे घेतली आणि काकूंचे निवेदन त्यांच्या सहीनिशी जोडले.

अडचण बाहेरून आली नाही, ती आमच्यातूनच आली, आणि मला सर्वांत जास्त शिकविले ते याच भागाने. पऱ्याच्या पलीकडे एका कुटुंबाची जमीन आहे. तेथे जायला फक्त आमची चार-साडेचार फुटांची पाखाडी, म्हणजे घरांमधून जाणारी अरुंद पायवाट; रुग्णवाहिका जाऊ शकत नाही, आणि घरातील आजोबांना एकदा खुर्चीत बसवून तिठ्यापर्यंत आणावे लागले होते. त्या घरातील थोरले भाऊ दुसऱ्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही रस्ता नको म्हणता, कारण तुमच्या दारात रिक्षा येते. माझ्या दारात काय येते ते सांगा." कोणाकडेही उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. त्यांचे म्हणणे खरे होते. केवळ 'रस्ता रद्द करा' अशी हरकत आम्ही दिली असती तर ती त्यांच्यावर अन्यायच ठरली असती, आणि संघाचे नाव घेण्याचा हक्क आम्हाला उरला नसता.

त्यामुळे हरकतीबरोबर सूचनाही द्यायची असे ठरले: रस्ता पऱ्यावरून न नेता पाखाडीच्या वाटेने न्यावा, त्यासाठी पाखाडीलगतच्या ११ घरांनी आपापला गडगा मागे घ्यावा, आणि रुंदी १२ ऐवजी ९ मीटर ठेवावी. हे बोलायला सोपे होते. जांभ्याचा गडगा म्हणजे केवळ कुंपण नव्हे. त्यावर भावकीतील दोन-दोन पिढ्यांची भांडणे झालेली असतात. सहा घरांनी पहिल्याच रात्री होकार दिला, तीन घरांनी आठवडा घेतला. माझ्या स्वतःच्या जागेतील दोन माड जाणार होते, सासऱ्यांनी लावलेले. मी ते बैठकीत सर्वांत आधी सांगितले, कारण ते लपवून दुसऱ्यांकडे जागा मागणे मला शक्य नव्हते.

उरलेल्या दोन घरांचे मालक मुंबईला. कोकणात सात-बारावर सहहिस्सेदारांची नावे दोन-दोन पाने भरतात आणि त्यातील निम्मी माणसे विरार-डोंबिवलीला असतात. गणपतीला सगळे येतात, शिमग्याला बरेचसे येतात. पण मुदत सण पाहून येत नाही. काकांचा मुलगा रातराणीने संमतिपत्रे घेऊन गेला, तीन दिवस लोकलने फिरला आणि १७ सह्या घेऊन परत आला. एक सही मिळाली नाही. ती नाही हे आम्ही हरकतीत तसेच लिहिले.

मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी हरकत दाखल केली. संघाच्या नावाने एक, आणि प्रत्येक घराची स्वतंत्र एक, कारण हरकत कोणीही नागरिक घेऊ शकतो. त्यासाठी संघ नोंदलेला असावाच लागतो असे नाही, हे मला आधी माहीत असते तर नोंदणीची कागदपत्रे शोधण्यात गेलेला एक दिवस वाचला असता. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. आवक विभागात एकाच अर्जावर पोच देतो, बाकीचे तसेच ठेवून जा, असे सांगण्यात आले. आम्ही नम्रपणे थांबून राहिलो आणि चोविसाव्या पोचीवर शिक्का पडला तेव्हाच बाहेर आलो.

सुनावणीची पत्रे काही महिन्यांनी आली. कलम २८ प्रमाणे हरकती नियोजन समितीपुढे ठेवल्या जातात आणि त्या समितीत नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञही असतात. सभागृहाबाहेर मोठी गर्दी होती आणि प्रत्येक क्रमांकाला मोजकी मिनिटे मिळत होती, म्हणून सर्वांच्या वतीने दोघांनीच बोलायचे असे आम्ही आधीच ठरविले होते: मी, आणि पलीकडच्या घरातील ते थोरले भाऊ. ते आमच्या बाजूने बोलायला उभे राहिले यातच आमची अर्धी बाजू मांडली गेली, असे मला आजही वाटते.

मी ट्रेसिंग पेपर योजनेच्या प्रतीवर ठेवला. एका सदस्यांनी विचारले, "हा ओढा खासगी जमिनीतून जातो ना? मग तो ओढा आहे हे कशावरून?" मी सहा उतारे पुढे केले आणि पोटखराबाच्या रकान्यावर बोट ठेवले. त्यांनी ते एकेक करून पाहिले, गाव नकाशावरील गट क्रमांकांशी जुळविले आणि शेजारच्या सदस्यांना दाखविले. दुसऱ्या सदस्यांनी खांबाचे छायाचित्र हातात घेऊन सर्वांत वरची रेघ कोणत्या वर्षाची, असे विचारले. मागे बसलेल्या काकूंनी कोणी सांगण्याआधीच उभे राहून उत्तर दिले. नंतर भाऊंनी आजोबांना खुर्चीतून नेल्याचे सांगितले आणि पाखाडीचा पर्याय मांडला. संमतिपत्रांवरील सह्या मोजल्या गेल्या. नसलेल्या सहीबद्दलही विचारले, आणि ती नाही असे आम्ही सांगितले. सगळे मिळून नऊ-दहा मिनिटे झाली असतील.

पुढची वाट लांब होती. समितीचा अहवाल, बदलांसह योजना कलम ३० खाली शासनाकडे सादर होणे, मग कलम ३१ खालील मंजुरी. या काळात दर दोन महिन्यांनी कार्यालयात जाऊन विचारणा करण्याचे काम वाडीतील तिघांनी पाळीपाळीने केले. खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाविषयीची आमची दुसरी हरकत फेटाळली गेली. तीही आम्ही पुराव्यानिशी मांडली असती तर बरे झाले असते. आमचा सगळा वेळ पऱ्यात गेला.

मंजूर योजनेचा नकाशा पाहायला आम्ही पाचजण गेलो. पऱ्या वरपासून खाजणापर्यंत निळ्या रंगात दाखविलेला आहे, आणि रस्ता पाखाडीच्या वाटेने ९ मीटर रुंदीचा आहे. खालच्या वळणावर पऱ्याची रुंदी प्रत्यक्षापेक्षा कमी धरली आहे असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही लेखी कळविले आहे.

मुख्य रस्त्याखालची मोरी अजून जुनीच आहे. तिच्यातून पाणी जायला दोन सिमेंटचे पाइप आहेत, त्यातील एक गाळाने निम्मा भरलेला. ती काढून मोठ्या गाळ्याची मोरी बांधावी, असा अर्ज संघाने गेल्या आठवड्यात दिला; त्याला उतारे, नकाशा आणि खांबाचे छायाचित्र पुन्हा जोडले आहे. पोचीची प्रत संघाच्या लोखंडी कपाटात आहे, आणि विचारणेला जाण्याची पहिली पाळी माझी आहे.