आमची वाटचाल: सायकलीकडून खुर्चीकडे

गुडघ्याला धक्का न बसणारा व्यायाम शिकवायचा, या एकाच कामासाठी आम्ही पुण्यात हे छोटं केंद्र काढलं. सुरुवातीची जवळजवळ सगळी गुंतवणूक स्थिर सायकलींमध्ये होती. सायकलवर अंगाचं वजन बैठक पेलते, गुडघा फक्त फिरत राहतो, म्हणून निवड योग्यच होती. पण थोड्याच दिवसांत वाटीमागे दुखतंय अशा तक्रारी यायला लागल्या आणि जाऊन पाहावं तर बैठक हमखास खाली केलेली असायची. पडायच्या भीतीने माणसं दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी बैठक खाली घेतात. मग पेडल वर आलं की गुडघा फार दुमडतो आणि तशात जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते.

त्यामुळे आता पेडल मारण्याआधी बैठक लावून घेतो. पेडलवर टाच ठेवायची. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३० अंशांचा बाक उरतो. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलली, तर बैठक जास्त वर गेली. ताण अगदी हलका, मिनिटाला ६० च्या आसपास फेरे आणि पहिल्या आठवड्यात ५ ते ८ मिनिटं, बस्स.

सायकलने सांधा मोकळा होतो, दम वाढतो. पण सोफ्यावरून उठताना हाताचा टेकू लागायचा तो लागतोच, कारण ते काम मांडीच्या पुढच्या स्नायूचं आणि पार्श्वभागाचं. म्हणून केंद्राचा मध्य सायकलींकडून साध्या लाकडी खुर्च्यांकडे सरकला. खुर्ची ४५ सेंटिमीटर उंच, पाठ भिंतीला टेकलेली, म्हणजे मागे सरकत नाही. ज्यांना तेवढ्या उंचीवरून उठवत नाही त्यांच्यासाठी आधी आम्ही घरच्या उशा ठेवत होतो. ती चूक होती. मऊ उशी दबते, माणूस आत रुततो आणि उठणं उलट अवघड होतं. आता ५ सेंटिमीटर जाडीच्या कडक गाद्या करून घेतल्या आहेत. सुरुवात दोन गाद्यांवरून.

खुर्चीच्या कडेशी यायचं, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि मग उठायचं. दोन आकड्यांत वर, चार आकड्यांत खाली. खरा व्यायाम खाली बसण्यात आहे. शेवटच्या चार बोटांत धपकन बसलं की तो वाया गेला. उठताना गुडघे आत वळत असतील तर खुब्याच्या बाजूचे स्नायू कमी पडताहेत असं बहुतेकदा दिसतं. अशा वेळी गुडघ्यांच्या वर ओढणी सैल बांधतो आणि ती बाहेर ताणत उठायला सांगतो. ८ वेळा, असे दोन फेरे. हात छातीवर ठेवून सलग दोन दिवस १२ वेळा जमलं की एक गादी काढायची.

एवढंही झेपत नसेल तर सतरंजीवर. टॉवेलची १० सेंटिमीटरची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून टाच उचलायची, पाय सरळ करून ५ सेकंद धरायचा, १० वेळा. घोट्याला वजनाची पट्टी आधी अर्ध्या किलोचीच. वजन बांधल्यावर पाय पूर्ण सरळ होत नसेल तर पट्टी काढा, तिची वेळ अजून आलेली नाही.

सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र नोंदवही ठरली. व्यायामाच्या वेळचं दुखणं ० ते १० मध्ये लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचंही. ३ पर्यंत चालतं. सकाळी सूज किंवा ताठरपणा वाढला असेल तर व्यायाम किती वेळा करायचा ती संख्या निम्मी करतो, बंद करत नाही. हे आम्ही कळकळीने सांगतो, कारण ‘आराम करा’ ऐकून महिनाभर पाय हलवला नाही की मांडी बारीक होते आणि तिने घ्यायचा भार सांध्यावर येतो. गुडघा अडकून बसला, लाल होऊन तापला, पडल्यावर पाय टेकवेनासा झाला किंवा पोटरी अचानक सुजली, तर व्यायाम नाही. त्याच दिवशी डॉक्टर.

दुसऱ्या टोकाचेही येतात, दुखत्या गुडघ्याने पर्वती चढणारे. १०३ पायऱ्या चढताना त्रास कमी, उतरताना जास्त. कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यांना आम्ही १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून उतरायला शिकवतो, मग १५. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

पाण्याचा वर्ग तलाव भाड्याने घेऊन चालवतो. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर वजनाचा साधारण निम्मा भार येतो, छातीएवढ्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पाण्यात दुखत नाही म्हणून माणसं तासभर चालतात आणि रात्री कळवळतात. म्हणून पहिल्यांदा २० मिनिटंच. बेडकासारखे पाय मारून पोहणं टाळतो, त्यात गुडघ्याची आतली बाजू पिळली जाते.

वर्गाची आखणी डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या, गुडघ्या-खुब्याच्या झिजेसाठीच्या ‘ग्लॅड’ या व्यायाम-कार्यक्रमावर बेतली आहे: आठवड्यातून दोनदा, ६ आठवडे, म्हणजे १२ वेळा. आपल्याकडे त्यात एक भर घालावी लागली, ती जमिनीवरून उठण्याची. पूजेला, पंगतीला मांडी घालायची असते, आणि ‘आता कधीच खाली बसू नका’ हे सांगणं आम्हाला पटत नाही. खुर्ची समोर घ्यायची, आधी एका कुशीवर वळायचं, मग दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर, गुडघ्यांखाली दुहेरी घडीची चादर. हात खुर्चीच्या बैठकीवर, चांगला पाय पुढे रोवायचा आणि त्याच्यावर जोर देऊन उठायचं.