अडीच हजार झाले, मग आता तक्रार कशाची?

निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुतेक सुस्थितीतले असतात आणि त्यांच्या मनात काही वाईटही नसते. दिव्यांगांचे अनुदान आता अडीच हजार झाले, पैसे थेट खात्यात येतात, दलाल गेले, बोगस नावे गळाली. मग तुम्ही लोक अजून तहसीलसमोर कशासाठी बसता, असा तो प्रश्न. ‘तुम्ही लोक’ म्हणण्याचे कारण असे की मी स्वतः पोलिओग्रस्त आहे. शिवाय मराठवाड्याच्या तेलंगणाकडील टोकाला एका तालुक्याच्या गावी मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि आता बाजाराच्या दिवशी घराच्या ओसरीत बसून लोकांचे अर्ज भरून देतो. मला हे अनुदान कधी घ्यावे लागले नाही, कारण राखीव जागेवर नोकरी लागली. पण ज्यांना तशी नोकरी लागली नाही, त्यांच्या पासबुकांत आयुष्यभर मीच नोंदी केल्या. तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जे खरे आहे ते मान्य करतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०पासून चालू आहे आणि आमच्याकडे तिला आजही ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. हा पगार कैक वर्षे महिना सहाशे रुपये होता, २०१९मध्ये हजार झाला, २०२३मध्ये दीड हजार झाला आणि सप्टेंबर २०२५च्या निर्णयाने दिव्यांगांसाठी ऑक्टोबरपासून अडीच हजार करण्यात आला. सहाशेच्या काळात ज्या बाईने महिन्याची औषधे अर्धीच घेतली, तिच्यासाठी ही वाढ किती मोठी आहे हे मला कोणी सांगायला नको. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना पाहिली म्हणजे राज्याने केलेली वाढ अधिकच उठून दिसते. त्या योजनेत ८० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्याला काहीच मिळत नाही, दारिद्र्यरेषेखालील असण्याची अट आहे आणि केंद्राचा वाटा २०१२पासून दरमहा ३०० रुपयांवर गोठलेला आहे.

तरीही या वाढीकडे केवळ उदारपणा म्हणून पाहावे असे मला वाटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २४मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असली पाहिजे. इतर निराधारांना दीड हजार मिळत होते तेव्हा या हिशेबाने दिव्यांगांना किमान १,८७५ मिळायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांनाही दीड हजारच मिळत राहिले. म्हणजे कायदा २०१७च्या एप्रिलमध्ये अंमलात आला आणि त्यातील हे एक वाक्य आमच्या पासबुकात उतरायला आठ वर्षांहून अधिक काळ लागला.

रकमेपेक्षा मला खटकते ती उत्पन्नाची मर्यादा. सर्वसाधारण निराधारांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते आणि दिव्यांगांसाठी ते ५०,०००च्या आत. पन्नास हजार म्हणजे सबंध घराचे महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये. रोजगार हमीवर किंवा शेतमजुरीवर जाणारा एक धडधाकट माणूस घरात असेल तरी खरे उत्पन्न याच्या वर जाते, हे तलाठ्याला माहीत असते, तहसीलदाराला माहीत असते आणि अर्जदारालाही माहीत असते. त्यामुळे योजनेची सुरुवातच अशा एका दाखल्याने होते की, ज्यातील आकडा खरा लिहिला तर लाभ मिळत नाही आणि लाभ हवा असेल तर सगळ्यांनी मिळून डोळेझाक करावी लागते. ही डोळेझाक जोवर चालू आहे तोवर सगळे सुरळीत असते. पण एखाद्या वर्षी पडताळणीची मोहीम निघाली की, तोच दाखला त्या माणसाविरुद्ध पुरावा ठरतो. २०२४मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. त्या योजनेबद्दल माझे काही वाकडे नाही. परंतु एकच सरकार एका बाईसाठी अडीच लाखांची गरिबी मान्य करते आणि तिच्या शेजारी अंथरुणाला खिळलेल्या तिच्या दिरासाठी पन्नास हजारांची, हे कोणत्या तर्कात बसते ते मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

आता थेट खात्यात येणाऱ्या पैशांविषयी. पूर्वी तहसीलच्या संजय गांधी शाखेतून बँकेकडे यादी आणि धनादेश येई, आणि आम्ही कारकून यादी पाहून एकेकाच्या खात्यात रक्कम जमा करत असू. या पद्धतीत दोष होतेच. याद्या महिनोन्‌महिने रखडत, मृतांची नावे वर्षानुवर्षे चालू राहत आणि बँकेच्या पायरीवर उभा असलेला कोणी ‘कार्यकर्ता’ म्हाताऱ्याच्या हातातून त्याच्या पगाराचा हिस्सा काढून घेई. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२४च्या अखेरीस ही योजना आधारशी जोडलेल्या थेट हस्तांतरणावर आणली गेली आणि पायरीवरचा तो माणूस खरोखरच दिसेनासा झाला. पण जुन्या पद्धतीत एखादे नाव अडले तर कागद परत जायचा, मी नायब तहसीलदारांना फोन लावायचो आणि पुढच्या यादीत दुरुस्ती व्हायची. आता पैसे अडले तर कोणाला विचारावे हेच कळत नाही. बँक म्हणते, आमच्याकडे आलेच नाहीत. तहसील म्हणते, आम्ही पाठवले. आणि संगणकावर इंग्रजीत एक ओळ दिसते, तिचा अर्थ लावण्यासाठी सेवा केंद्रात पैसे मोजावे लागतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो खाते जोडण्यात. अर्जावर कोणता खाते क्रमांक लिहिला आहे याला या पद्धतीत महत्त्व नाही. आधारशी सर्वांत शेवटी ज्या बँकेने खाते जोडून घेतले असेल तिथे रक्कम जाते. एका अंध गृहस्थांचा पगार बंद झाला म्हणून ते माझ्याकडे आले होते. चौकशीअंती कळले की, पैसे नियमित येत होते. मात्र मोबाइलचे सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्यांच्या नावे उघडलेल्या एका खात्यात ते साठत होते, आणि त्या खात्याचा संदेश ज्या नंबरवर जाई तो त्यांच्या पुतण्याचा होता, जो कामासाठी पुण्याला गेला होता. हे पैसे तरी सापडले. ज्यांचे सापडत नाहीत त्यांचे हिशेबात कुठे तरी ‘अपात्र’ किंवा ‘लाभ घेत नाहीत’ असे नोंदले जात असेल, आणि मग कोणी तरी भाषणात सांगते की, सुधारणेमुळे सरकारची इतकी बचत झाली.

अंगठ्याचे प्रकरण याहून अवघड आहे. मेंदूचा पक्षाघात असलेली, तिशीतली एक मुलगी आहे; तिच्या हाताची मूठ कायम आवळलेली असते आणि कोणी ती उघडायला गेले की अधिकच आवळते. केवायसीसाठी तिची आई तिला रिक्षातून सेवा केंद्रात घेऊन आली तेव्हा मी बरोबर होतो. केंद्रचालक मुलगा भला होता. त्याने बोटे पुसली, खोबरेल लावून पाहिले, एकेक बोट हळूच सोडवून यंत्रावर टेकवले. पण प्रत्येक वेळी लाल दिवा लागला. बुबुळांवरून ओळख पटवता येते, पण त्या केंद्रात ते यंत्र नव्हते. चेहऱ्यावरून पटवायची तर मान स्थिर ठेवून सांगितल्या क्षणी पापण्यांची उघडझाप करावी लागते, आणि तिची मान स्थिर राहत नाही हेच तर तिच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले आहे. शेवटी आईने विचारले, ‘‘सर, हिला हात वापरता येत नाही म्हणून पगार मिळतो ना? मग तिचाच अंगठा कशाला मागतात?’’ मी काही उत्तर दिले नाही. त्यानंतरही काही महिने तिचा पगार बंदच होता.

याच मुलीच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट पुढे आली. ती सज्ञान असल्यामुळे तिच्या खात्यावर आईला परस्पर व्यवहार करता येत नाही. त्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून मिळवावे लागते. तरतूद चांगली आहे, कारण मतिमंद मुलांच्या नावावरचे पैसे भावकीने लाटल्याची उदाहरणे आमच्याकडे कमी नाहीत. पण जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते आणि मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा प्रश्न उरतोच.

प्रमाणपत्रांचीही तीच कथा. महाराष्ट्रात २०१२पासून एसएडीएम या संगणक प्रणालीवर अपंगत्वाचे दाखले दिले जात होते. मग केंद्राचे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांसाठीचे ओळखपत्र आणि त्याचे संकेतस्थळ आले आणि १ जून २०२१पासून त्याच संकेतस्थळावरून दाखला देणे बंधनकारक झाले. देशभर एकच ओळखपत्र ही कल्पना मला पटते. मात्र ज्याचा पाय मांडीपासून कापलेला आहे आणि ज्याच्या जुन्या दाखल्यावर ‘कायमस्वरूपी’ असे स्वच्छ लिहिलेले आहे, त्याच्याकडूनही नवा कागद मागितला जातो तेव्हा तपासणी नेमकी कशाची चालली आहे, असा प्रश्न पडतो. खोटे दाखले नसतात असे मी म्हणणार नाही. कानाच्या तपासणीत पैसे देऊन टक्केवारी वाढवून घेतलेले लोक आमच्या पंचक्रोशीतही आहेत आणि त्यांचे लाभ बंद झालेच पाहिजेत. पण असा माणूस केवायसीत कधी अडकत नाही. त्याला दोन हात असतात, मोबाइल असतो आणि सेवा केंद्रापर्यंत जायला मोटारसायकल असते. चाळणीत अडकतो तो खरा गरजू, कारण चाळणीची भोकेच धडधाकट माणसाच्या मापाची पाडलेली आहेत.

त्यात आमच्या भागाचे वेळापत्रक वेगळे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कर्ती माणसे थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे उरतात म्हातारी आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली अपंग मुले. या दिवसांत हयातीच्या दाखल्याची किंवा केवायसीची मुदत आली, तर सत्तरीच्या आजीने बाविशीच्या नातवाला उचलून तालुक्याला न्यायचे असा त्याचा अर्थ होतो. काही तलाठी आणि ग्रामसेवक स्वतःहून घरी जाऊन काम करून येतात, त्यांचे नाव लोक अजून काढतात. पण त्यांनी तसे करावे असे बंधन त्यांच्यावर नाही.

इतके ऐकून घेतल्यावर लोक विचारतात, मग तुम्हाला हवे तरी किती? सीमेपलीकडचे आकडे आमच्याकडे सर्वांना पाठ आहेत, कारण सोयरिकी तिकडे आहेत. तेलंगणात २०२३मध्ये दिव्यांगांचे निवृत्तिवेतन ४,०१६ रुपये झाले, आंध्र प्रदेशात २०२४मध्ये सहा हजार झाले, आणि २०२५च्या जूनमध्ये दिव्यांगांसाठी आंदोलने करणारे नेते बच्चू कडू यांनी मोझरीला उपोषण केले तेव्हा त्यांच्या मागण्यांतही सहा हजारांचाच आकडा होता. मला विचाराल तर मी आधी दुसरेच काही मागेन. कोणाचाही पगार थांबवण्यापूर्वी महिनाभर आधी मराठीत लिहिलेली सूचना त्याच्या घरी पोचावी, त्यात कारण असावे, ते दूर करण्यासाठी यंत्र घेऊन माणूसच त्याच्या दारी जावा आणि तो जाईपर्यंत पैसे चालू राहावेत. एवढे झाले की रकमेसाठी भांडायला आम्ही पुन्हा तहसीलसमोर येऊन बसू.