गिरीचे टेक झाले, नंदिवर्धनाचे नगरधन

नागपुरात ‘टेकडीवर जाऊन येतो’ असे कोणी म्हटले, की तो रेल्वे स्थानकाजवळच्या गणपतीच्या दर्शनाला निघाला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. उंचवट्याला टेक, टेकडी, टेकाड म्हणणारी हीच आपली भाषा रामटेकच्या नावातही आहे.

लहानपणी मला घरी सांगत, की टेक म्हणजे प्रतिज्ञा. ऋषींना छळणाऱ्या राक्षसांचा संहार करण्याचा पण श्रीरामांनी येथे केला, म्हणून हे रामटेक. ती कथा मला आजही प्रिय आहे. तरीही नावाचा उलगडा मी डोंगराकडेच मागतो, कारण विदर्भातल्या वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, हिचा पाचव्या शतकातला ऋद्धपूर ताम्रपट ‘रामगिरिस्वामी’च्या चरणांपाशी दिलेला आहे. जुन्या नावात गिरी आहे, प्रतिज्ञा नाही. संस्कृतातल्या गिरीच्या जागी लोकांनी आपल्या बोलण्यातला टेक ठेवला आणि रामाला मात्र हात लावला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरच्या, यादवकालीन शिलालेखात याच डोंगराला सिंदूरगिरी असेही म्हटले आहे. गडावर चढताना तांबूस खडक पाहिला, की त्या नावाचे कारण विचारावे लागत नाही.

तेथून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर, सपाट शेतजमिनीत, नगरधन हे गाव आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. येथे नावाची वाट अगदी वेगळी झाली. डोंगर रोज डोळ्यांसमोर उभा असल्यामुळे त्याच्या नावाचा अर्थ लोकांना कळत राहिला आणि भाषा बदलली तसा शब्दही बदलून घेता आला. राजधानी मात्र मोडली, तिची माती शेतात मिसळली, आणि ‘नंदिवर्धन’ या शब्दाला धरून ठेवणारे काहीच नजरेसमोर उरले नाही. उरला तो केवळ उच्चार. ‘वर्धन’ झिजून ‘धन’ झाले, ‘नंदि’च्या जागी ओळखीचे ‘नगर’ येऊन बसले, आणि ऐकणाऱ्याला नगर व धन असा नवाच अर्थ लागू लागला. पाटीवर हे नाव दिसले, की झिजलेल्या अक्षरांमागचे जुने नाव मी मनातल्या मनात पुन्हा म्हणतो. ते आपल्या मुलांना शाळेत शिकवले जावे असे मला फार वाटते.

प्रभावतीगुप्तेचा दुसरा ताम्रपट, जो पुणे ताम्रपट म्हणून ओळखला जातो, नंदिवर्धनाहून दिलेला आहे. 2015 ते 2018 या काळात नगरधनला उत्खनन झाले, तेव्हा तिच्याच नावाची मातीची मुद्रा तेथल्या जमिनीतून निघाली.