कोड रीडरला उंदीर दिसत नाही

दरवर्षी ठाण्याला यायच्या आधी घरून यादी येते. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, आईचं ते एक ठरलेलं क्रीम. यंदा यादीच्या तळाशी बाबांनी लिहिलं होतं, "आणि ते तुझं गाडीत खुपसायचं यंत्र."

त्या यंत्राचं कौतुक फोनवर मीच करत आलोय, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. न्यू जर्सीत एडिसनला आल्यावर मी पहिली जुनी सेडान घेतली आणि तिसऱ्या महिन्यात तिचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, नुसतं मशीन लावून बघायचे 120 डॉलर. तेव्हा प्रत्येक डॉलरला रुपयाने गुणायची सवय अजून सुटली नव्हती, घाम फुटला. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की, अमेरिकेत 1996 पासूनच्या प्रत्येक पेट्रोलच्या मोटारीत स्टिअरिंगच्या खाली 16 पिनांचं एकाच मापाचं सॉकेट असतं. त्याला ओबीडी-टू म्हणतात, गाडी स्वतःचे बिघाड कोडमध्ये तिथे सांगते. वीस डॉलरचा कोड रीडर घे, त्यात खुपस आणि स्वतःच बघ.

कोड निघाला पी 0455. म्हणजे टाकीतल्या पेट्रोलची वाफ कुठून तरी भरपूर गळतेय. कारण काय, तर टाकीचं झाकण अर्धवट लागलेलं! न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, अगदी आपल्यासारखा पंपावरचा माणूसच भरतो. त्याच्या घाईत झाकण राहिलं. मी ते कट्कट् वाजेपर्यंत फिरवलं आणि काही दिवसांनी दिवा आपोआप विझला. 120 डॉलर वाचले. त्या दिवसापासून मी स्वतःला मेकॅनिक समजायला लागलो.

ही हवा उतरली ती सरकारी तपासणीच्या वेळी. तिथे पेट्रोलच्या गाडीच्या याच सॉकेटमध्ये वायर लावून तपासतात आणि दिवा चालू असला की सरळ नापास. माझा दिवा कसल्याशा दुसऱ्या कोडने आदल्या रात्री लागला होता. मी रीडरवर 'इरेज' दाबलं आणि सकाळी ऐटीत रांगेत जाऊन उभा राहिलो. तरी नापास. कोड पुसला की गाडीने स्वतःवर केलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, वाफेची गळती, सगळं परत कोरं. त्यांना 'रेडीनेस मॉनिटर' म्हणतात आणि ते पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात करून काही दिवस गावात आणि हायवेवर गाडी चालवावी लागते. एखादा अपुरा चालतो, माझे चार होते. आपल्याकडे पीयूसीला धुराच्या नळकांड्यात नळी घालून बघतात, सॉकेटला कोणी हात लावत नाही. म्हणून ही पुसापुशी ठाण्यात खपून जाते. बिघाड मात्र जागच्या जागी असतो.

तर यंदा ऑगस्टमध्ये पाचपाखाडीत पोहोचलो. बाबांची गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक. मजिवड्याच्या पुलावर चढताना मिसिंग मारते, म्हणजे इंजिन अडखळतं, आणि दिवा लागतो, कधी कधी उघडझाप करतो. लागून राहिलेला दिवा म्हणजे सवडीने दाखवा. उघडझाप म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय आणि ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं तर कन्व्हर्टर जळतो. तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्यायची. बाबा तशीच ती घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत नेऊन आले होते. "दिवाच तर आहे," म्हणाले.

मी मोठ्या रुबाबात डॉंगल लावला, म्हणजे फोनवर कोड दाखवणारा बिनपडद्याचा रीडर. ब्लूटूथचा, अंगठ्याएवढा, निळा. बाबांच्या फोनवर ॲप उघडलं. फोनला डॉंगल सापडला, डॉंगलला गाडी काही सापडेना. वर्षभर न्यू जर्सीत बिनबोभाट चाललेली वस्तू! बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं तुम्हाला माहीत नाही.

रात्री टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये डोकावलो तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत 2008 पासून सगळ्या गाड्यांना 'कॅन' नावाची एकच भाषा सक्तीची आहे, ती 6 आणि 14 नंबरच्या पिनांवरून बोलली जाते. बाबांच्या गाडीत त्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या आणि 7 नंबरमध्ये धातू चमकत होता. ती के-लाइन, जुनी आणि संथ. या स्वस्त डॉंगलांमध्ये ईएलएम 327 नावाच्या एका कॅनेडियन चिपची नक्कल असते, आणि बऱ्याच नकलांना सगळ्या भाषा येत नाहीत, खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी. त्यामुळे तुम्ही घेणार असाल तर आधी टॉर्च मारून पिना बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मी ते चौदा तासांचा विमानप्रवास करून आल्यावर केलं.

दुसऱ्या दिवशी वायरवाला, हातात धरायचा, स्वतःचा पडदा असलेला रीडर मागवला. आता मला विचाराल तर घरच्या मोठ्या माणसांसाठी तोच बरा. ॲप नाही, पेअरिंग नाही, अपडेट नाही. ताईकडे आयफोन आहे, त्याला तर जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ डॉंगल चालतच नाहीत, वायफायचा नाहीतर ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्यावा लागतो. आणि गाडी एप्रिल 2013 च्या आधीची असेल तर घाई नको. आपल्याकडे ओबीडी-टू तेव्हापासून लागू झालं, त्याआधीच्या गाड्या उत्तर देतीलच असं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची 2007 ची गाडी गप्पच बसली.

पैसे टाकायचेच तर दोन गोष्टींवर टाका: लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणारे आकडे, आणि फ्रीझ फ्रेम. नुसता कोड वाचणारा आणि पुसणारा रीडर म्हणजे थर्मामीटर असून आकडे नसल्यासारखं. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिनाची काय अवस्था होती त्याची नोंद. एबीएस आणि एअरबॅग स्वस्तातला रीडर सहसा वाचत नाही. त्यासाठी महागडा घेण्यापेक्षा गॅरेजचा स्कॅनर परवडतो.

कोड निघाला पी 0301. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरकडचं, त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान, 3 म्हणजे ठिणगी आणि मिसफायरचं, म्हणजे मिसिंगचं खातं, शेवटचा 1 म्हणजे पहिला सिलिंडर. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "कॉइल गेली दादा, बदलून टाकू." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारी. बाबांच्या मते पावसाने दमट झाली होती. पण फ्रीझ फ्रेम सांगत होती, पाणी 91 अंश, वेग 38. म्हणजे इंजिन चांगलं तापलेलं, सकाळच्या ओलाव्याची गोष्ट नाही.

कॉइलची परीक्षा फुकटात होते. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसायचा, पुलावर चक्कर मारायची. कोड पी 0302 झाला तर दोष कॉइलचा. झाला नाही. परत पी 0301. मग प्लगांची अदलाबदल, परत पुलावर. परत पी 0301. आईने वरून विचारलं, भाजी आणायला जाताय का नुसतेच फिरताय.

मग गाडी चालू ठेवून लाकडी पट्टीने एकेक वायर हळूच हलवली. पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरची, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीची, वायर हलली आणि इंजिन अडखळलं. काळं आवरण कुरतडलेलं, आत तांब्याचे दोन-तीन धागे उरलेले, आणि बाजूला शेंगदाण्याची टरफलं. पावसात उंदीर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उबेला येतात, बोनेटखालची जागा त्यांना वन बीएचके वाटत असावी.

मेकॅनिकने वायर डाग देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली, 300 रुपये घेतले आणि म्हणाला, "पावसाळ्यात आमचं निम्मं घर उंदरांवर चालतं." कॉइलचं बोलणं त्याने काढलं नाही, मीही नाही.

निळा डॉंगल परत बॅगेत टाकलाय. नवा रीडर बाबांनी चष्म्याच्या जुन्या केसमध्ये ठेवलाय. गाडीत लावून ठेवू नका म्हणून बजावलंय, कारण 16 नंबरच्या पिनेत बॅटरीचे 12 व्होल्ट किल्ली काढली तरी येत राहतात आणि त्यांची गाडी आठ-आठ दिवस उभी असते. परवा एडिसनला पोहोचून फोन सुरू केला तर व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो आलेला. कोड नाही, काही नाही, कोरा पडदा. खाली लिहिलं होतं, "पुलावर चढली. ताईच्या सीएनजीला पण लावून बघू का?"